भिजवलेली लेबले

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या घराचा तळमजला चार दिवस पाण्याखाली होता. मी एका सहकारी बँकेत लेखनिक होतो. संगीताचे शिक्षण नाही, इतिहासाची पदवी नाही. तीस वर्षे जुन्या बाजारांतून आणि रद्दीवाल्यांकडून जमवलेल्या सहाशेएक तबकड्या, एवढेच माझे भांडवल. त्या तळमजल्यावरच्या खोलीत होत्या.

पाणी ओसरल्यावर चिखल उपसला आणि एकेक तबकडी धुऊन गच्चीत वाळत घातली. लाखेच्या काही तडकल्या होत्या, पण पुष्कळशा वाचल्या. ग्रामोफोन दुरुस्त होऊन आल्यावर वाजवून पाहिल्या, तर थोड्या खरखरीसह आवाज जसाच्या तसा. गेली होती ती लेबले. मधला गोल कागद ओल्या पापडासारखा सुटून आला होता, नाहीतर त्यावरची अक्षरे पाण्याबरोबर निघून गेली होती. आवाज आहे, पण तो कुणाचा हे सांगणारे काही नाही, अशा दीडशेहून अधिक काळ्या चकत्या माझ्यासमोर पडल्या होत्या.

पुण्यात माझे एक जुने स्नेही आहेत. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. ऐंशीच्या दशकात ते हॉटेलांच्या डान्स फ्लोअरवर रेकॉर्ड वाजवायचे. त्यांच्या घरी भिंतभर अमेरिकी फंक आणि सोलच्या एलपी आहेत, आणि दर रविवारी सकाळी ते अजूनही दोन टर्नटेबल लावून बसतात. त्यांना फोनवर माझे गाऱ्हाणे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अरे, एका माणसानं हे मुद्दाम केलं होतं. स्वतःच्या रेकॉर्डची लेबलं स्वतः पाण्यात भिजवून काढली होती. आमच्या धंद्याचा तो मूळ पुरुष."

मला ते खरे वाटले नाही. तबकडीवर जीव असलेला माणूस लेबल कशाला काढील? त्या प्रश्नाच्या मागे मी पुढची काही वर्षे हिंडलो. त्यातून हाती लागले ते इथे मांडतो आहे.

*

आधी 'डीजे' या शब्दाविषयी. आपल्याकडे डीजे म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. 'डीजे लावला', 'डीजेवर बंदी आली' असे आपण म्हणतो, तेव्हा माणूस आपल्या मनात नसतोच. मूळ शब्द 'डिस्क जॉकी'. तबकडीवर मांड ठोकलेला स्वार, असे गमतीने म्हणता येईल. पण स्पीकरची भिंत आणि हा स्वार यांची गाठ खरोखरच जुनी आहे. ती जमैकात पडली.

१९५०च्या दशकात किंग्स्टनच्या गोरगरीब वस्त्यांत वादकांचा ताफा परवडत नसे. त्याऐवजी 'साउंड सिस्टिम' आली: मोठाले स्पीकर, अँप्लिफायर, एक टर्नटेबल आणि अमेरिकेहून आणलेल्या तबकड्या. मोकळ्या आवारात नाच चाले. क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड आणि ड्यूक रीड हे त्यातले दोन बडे प्रतिस्पर्धी. ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेली तबकडी, त्याच्याकडे गर्दी. म्हणून लेबल खरवडून टाकण्याची रीत पडली. विलिस जॅक्सन या अमेरिकी सॅक्सोफोनवादकाची 'लेटर फॉर द गेटर' ही तबकडी डॉडने 'कॉक्सन हॉप' असे स्वतःचेच नाव देऊन वाजवली. ती मुळात कुणाची हे शोधायला रीडला फार काळ लागला. जमैकाचे लोक त्या तालावर नाचत होते आणि विलिस जॅक्सन हे नाव त्यांच्या कानावरही आले नव्हते.

याच किंग्स्टनमध्ये १९५५ साली क्लाइव्ह कॅम्पबेल जन्मला. साउंड सिस्टिमचे खोके गाडीवरून उतरताना पाहत तो वाढला. १९६७ मध्ये, बारा वर्षांचा असताना, तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आला. अंगापिंडाने दणकट म्हणून पोरांनी त्याला 'हर्क्युलिस' म्हणायला सुरुवात केली. त्याचे पुढे 'कूल हर्क' झाले.

तेव्हाचे ब्राँक्स म्हणजे उखडलेला गाव. नगररचनेचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस यांनी १९४८ पासून क्रॉस-ब्राँक्स एक्सप्रेसवे वस्त्यांच्या मधून काढला. हजारो कुटुंबे उठली. ज्यांना जमले ते उपनगरांत गेले आणि मागे कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेली गरीब माणसे राहिली. सत्तरच्या दशकात दक्षिण ब्राँक्समधल्या इमारती एकामागून एक जळत होत्या. त्यांतल्या काही विम्याच्या पैशांसाठी मालकांनीच पेटवून दिल्या होत्या.

याच महामार्गाच्या कडेला १५२०, सेजविक अव्हेन्यू ही भाड्याच्या घरांची इमारत आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या रहिवाशांच्या सामाईक खोलीत हर्कची बहीण सिंडी हिने एक पार्टी ठेवली. शाळा उघडण्याआधी नवे कपडे घ्यायचे, त्यासाठी पैसे जमवायचे होते. निमंत्रणे हाताने लिहिली. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड वाजवायला भाऊ. आज हिपहॉपचा जन्मदिवस म्हणून जगभर साजरी होते ती तारीख हीच.

*

त्या खोलीत काय वाजले हे समजून घ्यायला सोल आणि फंक यांची ओळख हवी. सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली आर्त गायकी प्रपंचात उतरली ती. देवाला घातलेली साद माणसाला घातली, आणि स्वर तोच ठेवला. फंक हे त्याच घरातले धाकटे, अधिक खोडकर भावंड. जेम्स ब्राऊन या गायकाने साठच्या दशकाच्या मध्यापासून सुरावटीला बाजूला सारून सगळा ताफाच तालवाद्यासारखा वापरायला सुरुवात केली. गिटार, ट्रम्पेट, स्वतःचा गळाही. 'पहिल्या मात्रेवर या' हा त्याचा वादकांना हुकूम असे. समेवर येण्याचे महत्त्व आपल्या कानांना वेगळे समजवायला नको.

या गाण्यांत मध्येच एक जागा येते. गायक थांबतो, बाकीची वाद्ये थांबतात, आणि काही सेकंद फक्त ड्रम, फार तर बोंगो किंवा बास गिटार. तिला 'ब्रेक' म्हणतात. ठुमरीच्या शेवटी तबलजीला लग्गी वाजवायला मोकळे सोडतात, किंवा लावणीत बाई क्षणभर थांबते आणि ढोलकीवाला तुकडा घेऊन जातो, तशी ती जागा. हर्कने हेरले की पोरे गाणे सुरू असताना भिंतीला टेकून उभी असतात आणि ब्रेकची वाट पाहतात. ब्रेक आला की मधे उडी घेतात. पण ब्रेक संपतो लगेच.

मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या. एका टर्नटेबलवर ब्रेक संपत आला की दुसऱ्यावर तोच ब्रेक सुरुवातीपासून लावायचा, तोवर पहिली प्रत मागे फिरवून ठेवायची. काही सेकंदांचा तुकडा हवा तेवढा वेळ चालू लागला. पुढे एका गाण्याच्या ब्रेकवरून दुसऱ्याच्या ब्रेकवर जाऊ लागला. या खेळाला तो 'मेरी-गो-राउंड', म्हणजे जत्रेतला चक्री पाळणा म्हणे. जेम्स ब्राऊनचे 'गिव्ह इट अप ऑर टर्निट अ लूज' हे त्यातले एक ठरलेले गाणे. दुसरे, इन्क्रेडिबल बोंगो बँडचे 'अपाचे'. गंमत अशी की हा बँड म्हणून कुठे अस्तित्वातच नव्हता. मायकेल व्हायनर या निर्मात्याने स्टुडिओत पगारी वादक गोळा करून तो उभा केला होता. ज्या बोंगोवर ब्राँक्स नाचले, तो वाजवणारा किंग एरिसन हा बहामा बेटांवरचा माणूस. नाचणाऱ्यांना त्याचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आणि आता लेबल. हर्कचे वडील ध्वनियंत्रणेचे जाणकार होते. त्यांनी मुलाला सल्ला दिला: गाण्यांची नावे लपव, तुझा लौकिक आणि गिऱ्हाईक त्यावरच आहे. बाकीचे डीजे टर्नटेबलवर वाकून काय वाजते आहे ते वाचू पाहत. म्हणून हर्कने रेकॉर्ड पाण्यात भिजवून लेबले काढून टाकली. किंग्स्टनची रीत ब्राँक्सला आली.

म्हणजे दादांचे खरे होते. मला वाटले होते, असा माणूस तबकडीची कदर नसलेला असेल. पण याच माणसाने दुकानांच्या सवलतीच्या खोक्यांतून, कुणी विचारत नव्हते असली जुनी गाणी उचलली, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती घेतल्या आणि त्यांतला नेमका जिवंत क्षण शोधून काढला. रेडिओवर तेव्हा डिस्कोचा गुळगुळीत ठेका चढत होता. फंकमधला तो रांगडा ढोल टिकला तो अशा डीजेंमुळे. जीव लावणारा आणि नाव पुसणारा हात एकच होता.

*

पुसलेली नावे कुणाची, हे पाहायला दोन ड्रमवादक पुरेत.

पहिला क्लाइड स्टबलफील्ड. जन्म १९४३, टेनेसी राज्यातले चॅटनूगा. गावातल्या कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे ठेके ऐकत तो वाजवायला शिकला. शिक्षक नाही. १९६९च्या नोव्हेंबरात सिनसिनाटीच्या स्टुडिओत जेम्स ब्राऊनसाठी 'फंकी ड्रमर' वाजवताना त्याला आठ आवर्तने एकट्याने मिळाली, साधारण वीस सेकंद. पुढे ऐंशीच्या दशकात सॅम्पलर हे यंत्र आले. डीजे हाताने करत होता ते बटणावर होऊ लागले: आवाजाचा तुकडा साठवायचा आणि पुन्हा पुन्हा वाजवायचा. ते वीस सेकंद मग असंख्य हिपहॉप आणि पॉप गाण्यांच्या पायात गेले. गाण्याचा रचनाकार म्हणून नोंद जेम्स ब्राऊनची आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीचा. वाजवणारा रोजंदारीचा. म्हणून या वापराचे मानधन क्लाइडला मिळाले नाही. तो कर्करोगाने आजारी पडला तेव्हा सुमारे ९० हजार डॉलरची बिले प्रिन्स या गायकाने गुपचूप भरली, हे प्रिन्सच्या मृत्यूनंतर उघड झाले. २०१७ मध्ये क्लाइड गेला. त्याचे म्हणणे असे, की पैशापेक्षा आपले नाव रेकॉर्डवर असते तर बरे वाटले असते.

दुसरा ग्रेगरी कोलमन. १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स' या वॉशिंग्टनच्या बँडने 'कलर हिम फादर' ही रेकॉर्ड काढली. त्या गाण्याला पुढे ग्रॅमी मिळाले. मागच्या बाजूला भरीला टाकलेले 'आमेन, ब्रदर'. त्यात चार आवर्तनांचा, जेमतेम सहा-सात सेकंदांचा ब्रेक कोलमनने वाजवला. हिपहॉपने तो उचलला. मग इंग्लंडमध्ये त्याचा वेग वाढवून, तुकडे करून 'ड्रम अँड बेस' हा अख्खा संगीतप्रकार त्यावर उभा राहिला. त्यातून कोलमनला काही मिळाले नाही. २००६ मध्ये अटलांटात तो बेघर अवस्थेत वारला. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या डीजेंनी आणि चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. कोलमन तोवर नव्हता.

नावे झाकली डीजेंनी, तशी ती उघडही काही डीजेंनीच केली. लेनी रॉबर्ट्स आणि लुई फ्लोरेस या ब्राँक्सच्या दोघांनी १९८६ ते १९९१ या काळात 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' नावाचे २५ एलपी काढले. पार्ट्यांत वाजणारे, लेबले झाकलेले जुने ब्रेक एकत्र केले आणि गाण्याचे व बँडचे नाव छापले. हक्कांच्या बाबतीत हा उद्योग काटेकोर नव्हता. पण त्यामुळे पुढच्या पिढीला कुठे शोधायचे ते कळले. दादा या मालिकेला 'आमची ज्ञानकोशाची मंडळी' म्हणतात. मात्र तिथेही छापले ते बँडचे नाव. ड्रमवाल्याचे नाही.

डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने गायक बिझ मार्की याला परवानगीशिवाय जुन्या गाण्याचा तुकडा वापरल्याबद्दल दोषी धरले. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याची परवानगी काढणे आले. वाटेल की आता वादकांना न्याय मिळेल. पण परवानगी मागायची ती हक्कधारकाकडे, म्हणजे बहुधा कंपनीकडे.

ही गोष्ट एकदा आपल्या दारापर्यंतही आली. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे 'अॅडिक्टिव्ह' अमेरिकेत गाजले. डीजे क्विक या निर्मात्याने त्यात लता मंगेशकरांचा आवाज वापरला होता. 'ज्योती' या १९८१च्या चित्रपटातले, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेले 'थोडा रेशम लगता है'. लाहिरी कोर्टात गेले. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने आदेश दिला की सीडीवर लाहिरींचे नाव आल्याशिवाय विक्री करायची नाही. नाव नाही तर विक्री नाही, हे वाचून मला बरे वाटले होते. पुढे मात्र त्याच खटल्यात उघड झाले की लाहिरींनी आपले हक्क करारानेच आधी देऊन टाकलेले होते, आणि दावा टिकला नाही. आणि त्या ठेक्यावर ढोलक कोण वाजवत होते, हा प्रश्न त्या खटल्यात कुणाचाच नव्हता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांनी आणि सेबॅस्टियन डिसूझांसारख्या संयोजकांनी आयुष्ये घातली. त्यांची नावे तबकडीच्या लेबलावर क्वचितच आली.

*

हर्कचे स्वतःचे काय झाले? १९७७ मध्ये एका पार्टीत भांडण सोडवताना त्याच्यावर सुरीचे वार झाले आणि तो मागे पडला. तोवर ग्रँडमास्टर फ्लॅशसारखे नवे डीजे पुढे आले होते. बार्बाडोसमध्ये जन्मलेला, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला हा मुलगा ब्रेक कुठे सुरू होतो तिथे रेकॉर्डवर खडूने खुणा करून, एकाही मात्रेची चूक न होता जोड साधत असे. हर्कची जोड इतकी साफ नव्हती. १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' या रेकॉर्डने हिपहॉप जगभर नेले, त्यात हर्क नव्हता. त्याच्या नावाची एकही गाजलेली रेकॉर्ड निघाली नाही. २०११ मध्ये किडनी स्टोनच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला लोकांकडे मदत मागावी लागली, कारण आरोग्य विमा नव्हता. २०२३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला गौरवले. सेजविक अव्हेन्यूच्या पार्टीला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

हे सगळे वाचत असताना हर्कला नावे ठेवायची माझी हिंमत झाली नाही. त्याचे कारण सांगून थांबतो.

माझ्याकडे एका लावणीची ७८ आरपीएमची तबकडी आहे. मिरजेच्या बाजारात १९९८च्या सुमारास मिळाली. तिच्या लेबलावर गायिकेच्या नावाखाली, बारीक अक्षरांत ढोलकीवाल्याचे नाव छापलेले होते. असे क्वचित असते. त्याचा तुकडा ऐकून अंगावर काटा येतो. आमच्या संग्राहकांच्या वर्तुळातले एक वडीलधारे गृहस्थ प्रत्येक तबकडीचे लेबल अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घेत. त्यांनी ही तबकडी पाहायला मागितली होती. "नुसतं लेबल वाचू द्या, तबकडी हातात नको," असेही म्हणाले. मी "सापडत नाही" म्हणून सांगितले. सापडत होती. पण ती फक्त माझ्याकडे आहे, एवढे सुख मला हवे होते. लेबल मी स्वतःही कधी उतरवून ठेवले नाही, कारण ते समोर होतेच. २०१६ मध्ये ते गृहस्थ गेले. २०१९ मध्ये पूर आला.

लेबल नसले तरी तबकडीवर खोबणीच्या शेवटी, मधल्या कोऱ्या भागात कंपनीचा क्रमांक उमटवलेला असतो. पूर गेल्यावर भिंग आणि टॉर्च घेऊन मी ते क्रमांक वाचले, जुन्या सूचीपत्रांशी ताडून पाहिले. दीडशेपैकी शंभरावर तबकड्यांची ओळख पटली. त्या लावणीचीही पटली. गायिकेचे नाव, गाण्याचे नाव, सगळे मिळाले. सूचीपत्रात साथीदारांची नावे नसतात.

मला त्या नावातला 'बापू' एवढा शब्द आठवतो. आडनाव आठवत नाही. ते जिथे असू शकत होते अशी एकच जागा माझ्या कपाटाबाहेर होती, ती म्हणजे त्या गृहस्थांची वही, आणि तिथे ते मी जाऊ दिले नाही.

गेल्या वर्षी दादा सांगलीला आले होते. त्यांना ती लावणी ऐकवली. ढोलकीचा तुकडा आला तसे ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "याच्या दोन प्रती असत्या तर!" मग त्यांनी नाव विचारले. मी सगळे सांगितले. ते काही बोलले नाहीत. सुई उचलून त्यांनी पुन्हा त्याच जागी ठेवली.

आता मी गोल कागद कापून प्रत्येक तबकडीला नवे लेबल करतो आहे. गायक, गीतकार, संगीतकार, आणि कळेल तिथे साथीदार. ही यादी मागेल त्याला मी पाठवतो. त्या लावणीच्या लेबलावर 'ढोलकी: बापू' इतके लिहून पुढे जागा मोकळी ठेवली आहे. कुणाच्या माळ्यावर तीच तबकडी कोरडी राहिली असेल, तर ती जागा भरता येईल.